लिव्हर आजीनेच दिलंय, मग आजीला नाही कसं म्हणायचं?

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून पुष्कळ आलेत, त्यातले चारच घेतलेत कारण चारही लहान बाळाच्या लिव्हरभोवती फिरतायत. मागे मी माझ्या मुलीबद्दल लिहिलं होतं ना (बिलिअरी अॅट्रेसिया, म्हणजे लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद, नऊ महिन्यांची असताना ट्रान्सप्लांट, डोनर मीच), तेव्हापासून ही रीघ लागलीय. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, आई आहे. औषधाचा डोस मला विचारू नका, तो तुमच्या हॉस्पिटलच्या टीमला विचारा. घरातल्या भांडणांचं मात्र खुशाल विचारा, त्यात माझी पीएचडी झालीय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातून लिहितेय. आमची मुलगी अकरा महिन्यांची आहे. कावीळ जातच नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं तोवर अडीच महिने होऊन गेले होते, ऑपरेशन केलं पण पित्त काही नीट सुटलं नाही, पोट फुगत गेलं, शेवटी सातव्या महिन्यात मुंबईला लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. माझा ब्लडग्रुप जुळला नाही, ह्यांचा जुळला पण तपासणीत फॅटी लिव्हर निघालं, तर सासूबाई म्हणाल्या माझं घ्या की. त्यांचं वय ४९. एकदाही मागे सरल्या नाहीत हो, ऑपरेशनच्या आदल्या रात्री पण मलाच धीर देत होत्या. हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत तीन महिने काढले, आता घरी येऊन महिना झालाय.

आणि आता प्रॉब्लेम असा आहे की मला त्यांना काही बोलताच येत नाही. त्या बाळाच्या तोंडाचे पापे घेतात, भात स्वतः चाखून त्याच चमच्याने भरवतात, परवा सहाण काढून बाळगुटी उगाळायला बसल्या, शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा पाठवला तो पण ठेवून घेतला. रोज कोणी ना कोणी बाळ बघायला येतंच आणि त्या सगळ्यांच्या मांडीवर देतात. गेल्या आठवड्यात मी फक्त एवढंच म्हटलं की आई हात धुऊन घ्या, तर म्हणाल्या, "माझ्या लिव्हरवर जगतीय पोर, आणि मलाच हात धू म्हणतीस." आणि आत जाऊन रडल्या. हे म्हणतात थोडं सांभाळून घे. मीच सांभाळायचं का सगळं? सकाळी आठ रात्री आठ औषध, रात्री तीनदा उठून श्वास बघते, ब्लड टेस्टच्या दिवशी जेवण जात नाही. आणि आता उष्टावण राहिलंय म्हणून उष्टावण आणि पहिला वाढदिवस एकत्र हॉलवर करायचा म्हणतायत, दीडशे माणूस. ज्या बाईने माझ्या मुलीला जीव दिला तिला मी नाही कसं म्हणू? मी कृतघ्न आहे का ताई?

उत्तर : अगं कृतघ्न कसली, दमलीयस तू. आणि तुला 'तू' म्हणते, राग मानू नको, माझ्या भाचीच्या वयाची असशील.

आधी तुझ्या सासूबाईंबद्दल बोलू, कारण एवढ्या लांब पत्रात त्यांची तब्येत कशी आहे याची एक ओळ नाहीये. टोमणा मारत नाहीये, माझ्याही घरी हेच झालेलं. मी पोटावर टाके घेऊन घरी आले तर येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढून सरळ पाळण्याकडे, मी तिथेच सोफ्यावर बसलेली असायचे आणि मला विचारलं तर काय, "पाणी देतेस का गं". बाळासाठी लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग घेतात, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, आणि राहिलेलं लिव्हर काही महिन्यांत भरून येतं. हे खरंच आहे, पण घरच्यांच्या डोक्यात तेवढंच राहतं, "परत वाढतं की". नखं कापलीत का आपण? टाके ओढतात, दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं, संध्याकाळी चार वाजताच झोप येते, आणि मुख्य म्हणजे दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही. आता घरात उचलावंसं वाटणारं वजन कुठलं, तर बाळच. म्हणजे जिने लिव्हर दिलं तिलाच पोरीला उचलायची बंदी, बाकी सगळं गाव उचलतंय आणि ती बघत बसलीय. त्यातून आत्ता कुठे त्यांना परवानगी मिळाली असेल तर त्या पापे घेणारच गं. बरं वाटायला लागलं की मन खचतं असं पण होतं डोनरचं, माझं झालं होतं, चार महिन्यांनी उगाच रडू यायचं.

म्हणून पहिलं काम हे की त्यांचा स्वतःचा चेकअप शेवटचा कधी झाला ते बघ. डोनरला पण फॉलोअप असतो, रक्त, सोनोग्राफी, आणि तो घरोघरी बुडतो कारण सगळे बाळाच्या फायलीत बुडालेले. पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा त्यांच्या नावाची वेगळी फाईल हातात घे आणि त्यांच्या बाजूला बस. हे एवढं केलंस तरी निम्मी गोष्ट सुटेल असं मला वाटतं.

दुसरं, त्यांना पटेल असं कारण आजवर कोणी दिलंच नसावं. डॉक्टर "इन्फेक्शन होईल" म्हणतात, ते त्यांच्या कानाला आपण त्यांना घाणेरडं म्हणतोय असं लागतं. तू असं सांग, आई, लिव्हर तुमचं आहे म्हणूनच तर पोरीचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्यावर धावून जातं, तुमच्या लिव्हरला कोणी हात लावू नये म्हणून आपण औषध देऊन तिच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवलंय, टॅक्रोलिमस म्हणजे तेच. आता पहारेकरी गुंगीत म्हटल्यावर चोर आत शिरणार, म्हणून हात धुणं. आणि गुळवेल का नको? तर गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणूनच सगळे देतात ना, तेच तर आपल्याला नकोय, पहारेकरी जागे झाले तर ते तुमच्याच लिव्हरवर काठी उगारणार. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या मोठ्या माणसांच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, बराच वाद झाला. त्या वादात आपण पडायचंच नाही. ट्रान्सप्लांटच्या बाळाला गुळवेल नाही, काढा नाही, बाळगुटीही नाही. गुटीत वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जेष्ठमध काय काय असतं, त्यातलं काय टॅक्रोलिमसशी कसं वागेल याचा हिशोब कोणी मांडलेला नाही, आणि सहाणेवर पाणी कुठलं हा वेगळाच विषय.

पाप्यांचं सांगते. थुंकीतून पसरणारा एक व्हायरस आहे, ईबीव्ही, आपल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो कधीचाच येऊन निजलेला असतो, आपल्याला काही होत नाही. या बाळांना तो पहिल्यांदा झाला तर त्रास देऊ शकतो, क्वचित फार वाईट वळण घेतो, म्हणून तर टीम मधून मधून ईबीव्ही आणि सीएमव्हीची (तसाच आणखी एक व्हायरस) रक्ततपासणी करते. कधी कधी तो डोनरच्या लिव्हरबरोबरच आलेला असतो, त्यामुळे सासूबाईंवर खापर अजिबात फोडू नको. पण दहा घरच्या दहा जणांची थुंकी तरी कशाला. पापा घ्यायचाय तर पायाच्या तळव्याचा घ्या, आम्ही तोच नियम केला होता, माझी मुलगी बारा वर्षांची झालीय तरी तिचे आजोबा अजून गमतीने तिचे पाय धरतात. चाखायला वेगळा चमचा. फुंकर नको, वाटी गार पाण्यात ठेवा.

आता माझं खरं म्हणणं ऐक. तू त्यांना फक्त मनाया देतेयस. हे करू नका, ते देऊ नका, इथे हात लावू नका. मना केलेलं माणूस चोरून करतं, सहाण तू माळ्यावर टाकलीस तर त्या शेजारी जाऊन उगाळतील. त्यांना काम दे, आणि साधंसुधं नको, हुद्द्याचं दे. दारावरची फौजदारकी त्यांच्याकडे दे. कोण आत येईल, कोणाला सर्दी आहे, कोणी साबणाने हात धुतले, बाळ कोणाच्या मांडीवर जाईल, सगळं त्या ठरवणार. तू सून म्हणून बोललीस तर भावकीत आगाऊ ठरशील, त्या म्हणाल्या "माझं लिव्हर हाय त्यात, लांबनं बघा" तर कोणाची टाप आहे? मी हे दोन घरांत होताना बघितलंय, पंधरा दिवसांत आजी आईपेक्षा कडक होते, नंतर तुलाच म्हणावं लागेल आई जरा दमानं घ्या.

दृष्ट काढू दे त्यांना, मीठ-मोहरी ओवाळून टाकायला काहीच हरकत नाही, फक्त ती बाहेर चुलीत टाका, घरात धूर नको, आणि बाळाला धुरी तर नकोच. तेल लावणं पण त्यांच्याकडे दे, टाके पूर्ण भरलेत म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं की. तीर्थ, पंचामृत बाळाला नको, कच्चं दूध नको, उकळलेलं पाणी. गणपतीत पपनस आलं तर ते बाळापासून लांब ठेवा, हे ऐकून सगळे हसतात पण पपनस आणि ग्रेपफ्रूट या दोघांनी टॅक्रोलिमसची लेव्हल रक्तात चढू शकते. बाकी मऊ भात, वरण, नाचणीची पेज, शिजवलेल्या भाज्या. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्या कारण लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर काही मुलांना दूध, अंडं, शेंगदाणा अशा गोष्टींची नव्याने अॅलर्जी सुरू होते, माझ्या मुलीला अंड्याची झाली होती. आणि खात नाही म्हणून रडू नको, नाकात नळी असलेल्या बाळांना तोंडाजवळ काही आलं की भीतीच वाटते, महिनोन्महिने. भरवायचं काम सासूबाईंना जमत असेल तर देऊन टाक, त्यांच्याकडे वेळ आहे आणि तुझ्याकडे आत्ता धीर नाहीये.

औषधाचं मात्र तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको. आमच्याकडे एकदा नवऱ्याने आठला दिलं, मी आंघोळ करून आले आणि सव्वाआठला परत दिलं. तो रात्रीचा फोन मला आयुष्यभर लक्षात राहील. टीमने रक्तातली औषधाची लेव्हल तपासायला लावली, पुढचा डोस कधी ते सांगितलं, निभावलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन बांधून टांगलं, ज्याने दिलं त्याने त्याच क्षणी खूण करायची आणि आद्याक्षर लिहायचं, खूण नाही म्हणजे दिलं की नाही ते आधी विचारायचं. तुमचे हे सकाळचा डोस घेऊ देत. रक्त काढायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त काढल्यावर द्यायचा असतो, आधी दिला तर लेव्हल खोटी येते, ती एक मोठी खूण त्या तारखेवर आदल्या रात्रीच करून ठेवा. मेडिकलवाला "कंपनी वेगळी पण औषध तेच" म्हणाला तर घेऊ नका, टीमला विचारल्याशिवाय ब्रँड बदलायचा नाही. उलटी, जुलाब झाले तर फोन करा, जुलाबात लेव्हल वर जाते. आणि ताप १०० पॉइंट ४ झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन, सकाळपर्यंत वाट बघणं नाही, स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेनचं सिरप तर नाहीच नाही, किडनीला ते आणि टॅक्रोलिमस मिळून झेपत नाही.

रात्री उठून श्वास बघणं, ते मी दीड वर्ष केलं. कोणी म्हटलं करू नको म्हणून थांबत नाही ते. पण आठवड्यातून दोन रात्री बाळ ह्यांच्याकडे आणि तू दुसऱ्या खोलीत दार लावून, एवढं ठरव. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढणारा रक्तातला आकडा) वाढून आला की रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं लिव्हर नाकारतंय, हा शब्द कानावर येईल, त्याला नुसत्या नावाने घाबरू नको, पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच मुलांना होतं, बाहेरून बाळ हसत खेळत असतं आणि फक्त रक्तात दिसतं, बहुतेक वेळा औषध वाढवून, स्टिरॉइड देऊन आटोक्यात येतं. म्हणूनच रक्ताची तारीख चुकवायची नाही.

आणि ह्यांना म्हणावं, फॅटी लिव्हरवाल्यांनी आता सकाळी चालायला लागा. आईने आपल्या जागी पोट कापून घेतलं याचं त्यांना आतून काहीतरी होत असणार, "सांभाळून घे" हे त्यातूनच येतं, बोलून बघ एकदा.

उष्टावण करा की! मुलीचं विषम महिन्यात करतात, अकरावा विषमच आहे. घरातच करा, मामा, चांदीची वाटी, उकळून घेतलेला चमचा, ताजी खीर, टीमने हो म्हटलं तर, आणि समोर दहा माणसं. हॉल दीडशे माणसांचा पुढच्या वर्षी. हे नाही तू म्हणू नको, पुढच्या अपॉइंटमेंटला सासूबाईंना आत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच विचारू दे त्यांना, "वाढदिवस करू का मोठा?" उत्तर काय मिळणार ते तुला माहितीये.

तू शेवटी एक ओळ लिहून खोडलीयस, "मोठी होईल ना हो". भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ मध्ये दिल्लीत झालं, मुलगा २० महिन्यांचा, आजार तुमच्या मुलीचाच, बिलिअरी अॅट्रेसिया, लिव्हर वडिलांनी दिलेलं. तो मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला.

प्रश्न : मी नागपूरहून एक बाबा लिहितोय. मुलगा १४ महिन्यांचा, आठ महिन्यांपूर्वी ट्रान्सप्लांट झालं, तो मस्त आहे. त्रास मोठ्या मुलीचा आहे, ती चार वर्षांची. हॉस्पिटलच्या काळात साडेतीन महिने ती आजोळी होती. परत आल्यापासून अंथरूण ओलं करते, बोबडं बोलते, परवा पोटावर स्केचपेनने टाके काढून आली आणि म्हणते मला पण दवाखान्यात न्या. बायको म्हणते तिला प्ले स्कूलमधून काढू, तिथूनच सगळी सर्दी येते. मला पटत नाही पण रिस्क पण घ्यायची नाही. काय करावं?

उत्तर : शाळेतून काढू नका. ही माझ्या अनुभवातली चूक आहे म्हणून ठासून सांगते, आम्ही मोठ्याला सहा महिने घरी बसवलं, जंतुनाशक टाकून दिवसातून दोनदा आंघोळ, मित्र बंद, तो आता १७ वर्षांचा आहे आणि अजून म्हणतो तुम्ही मला धुण्यासारखं धुवायचात. शाळेतून आल्यावर साबणाने हात-तोंड धुणं, कपडे बदलणं, बास. बाईंना सांगून ठेवा की वर्गात कांजिण्या, गोवर, गालगुंड कोणाला झालं तर त्याच दिवशी मेसेज करा, कारण तुमच्या मुलाचा संपर्क झाला असेल तर टीमला लगेच कळवावं लागतं, आठवड्याने कळून उपयोग नाही.

लसींचं नीट ऐका, इथे भले भले चुकतात. तुमच्या मुलाला जिवंत जंतूंच्या लसी टीमने सांगितल्याशिवाय नकोत, म्हणजे गोवर-एमएमआर, कांजिण्या, आणि तोंडातून द्यायचा पोलिओ. मुलीला मात्र गोवर-एमएमआर, कांजिण्यांची लस जरूर द्या, ती तिच्या भावाभोवतीचं कुंपण आहे, घरातल्या सगळ्यांनी फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घ्या. पण पोलिओचे थेंब मुलीलाही नकोत, थेंबातला जंतू शीतून बाहेर पडतो आणि घरातल्या घरात पोचतो, तिला पोलिओचं इंजेक्शन द्यायचं. म्हणजे पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील, तेव्हा चांगल्या मनाने त्या थेंब टाकतील आणि तुम्ही कामावर असाल. आजीआजोबांना आत्ताच सांगून ठेवा, फाईलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी लावून ठेवा, आशाताईंशी वाद घालू नका, चिठ्ठी दाखवा.

आता अंथरुणाचं. तिच्या बाजूने बघा ना, एक दिवस आईबाबा भावाला घेऊन गेले आणि साडेतीन महिने आले नाहीत, आले तेव्हा सगळं घर भावाचं झालेलं. आजारी पडलं की आई मिळते हा तिचा साधा हिशोब आहे, आणि चूक नाहीये तो. रागावू नका, गादीवर प्लास्टिक घाला, रात्री झोपताना उठवून न्या. स्केचपेनचे टाके पुसायला सांगू नका, उलट बसून विचारा कुठे दुखतंय, बाहुलीला बँडेज बांधा, दवाखान्यात काय झालं ते तिच्या शब्दात सांगा, भावाचं लिव्हर बिघडलं होतं, ते खेळताना तिने ढकललं म्हणून बिघडलेलं नाही. (हसू नका, माझ्या मुलाला दोन वर्षं वाटत होतं की त्याने बाळाला चिमटा काढला म्हणून ती पिवळी झाली. कोणाला बोलला नाही.) रोज अर्धा तास फक्त तिचा, तुमचा नाही, आईचा, कारण तिला आई हवीये. तेवढा वेळ तुम्ही बाळ घ्या. औषध दिल्यावर कॅलेंडरवर स्टिकर लावायचं काम तिचं. पाहुण्यांना साबण दाखवायचं कामही तिचं, चार वर्षांची पोर "हात धुवा" म्हणाली की कोणाला राग येत नाही.

प्रश्न : आम्ही क्राउडफंडिंग करून मुलाचं ट्रान्सप्लांट केलं, गावातल्या लोकांनी पण वर्गणी काढली. आता नवीन मिक्सर घेतला तर शेजारचे म्हणाले, "पैसे उरले वाटतं." खूप लागलं. बाहेर आइस्क्रीम खायची पण लाज वाटते. - एक आई, अहिल्यानगर

उत्तर : मिक्सरमध्ये बाळाचं जेवण फिरवताय की नाही? मग झालं.

एक काम करा, हिशोबाची एक वही करा, मिळाले किती, हॉस्पिटलला गेले किती, दर महिन्याला औषध आणि टेस्टला जातात किती, आणि ज्यांनी वर्गणी काढण्यात पुढाकार घेतला त्या दोन-तीन जणांना घरी बोलावून एकदा दाखवा. शेजाऱ्यांना नाही. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे खर्च संपला, ही औषधं आयुष्यभर चालतात हे कोणाला माहीतच नसतं, त्या दोघातिघांनी गावात सांगितलं की तोंडं आपोआप बंद होतात. आणि पुढे अॅडमिट करायची वेळ आली तर धर्मादाय हॉस्पिटल आहे का ते आधी विचारा, महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के बेड गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावेच लागतात, हायकोर्टाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे ती. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड फाईलमध्येच ठेवा. आमच्या वेळी एका ठिकाणी काउंटरवर "अशी काही स्कीम नाही" म्हणून परत पाठवलेलं, दुसऱ्या दिवशी तिथल्याच सोशल वर्करने फॉर्म भरून दिला. काउंटरवर विचारूच नका, मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा.

आइस्क्रीम खा. बाळासमोर खाऊ नका, मागेल.

प्रश्न : बहिणीला मुलगा झालाय, आज ३३ दिवसांचा. डोळे पिवळे आहेत पण डॉक्टर म्हणाले बाळांची कावीळ असते, कोवळ्या उन्हात धरा. शी पांढरट, पिठल्याला हळद विसरल्यासारखी. बाळ अंगाने चांगलं आहे, वजन पण वाढतंय. तुमचा लेख वाचून भीती वाटली म्हणून लिहिते. - एक मावशी, जालना

उत्तर : हे पत्र अंकाची वाट बघणारं नव्हतंच, मेल आला त्याच दुपारी मी फोन केला आणि त्या मावशींनी बहिणीला दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनगरला नेलं. पुढचं त्यांच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही. पण प्रश्न छापतेय कारण महाराष्ट्रात आत्ता या क्षणी कुठेतरी अजून एखादं पिवळं बाळ उन्हात धरलेलं असणार.

कावीळ १४ दिवसांच्या पुढे राहिली तर बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) नुसतं टोटल नाही, डायरेक्ट सुद्धा करून घ्यायचं. डायरेक्ट वाढलेलं असेल तर ती उन्हाने जाणारी कावीळ नाही. शी पांढरट किंवा फिकट मातकट आणि लंगोटाला लघवीचा पिवळाजर्द डाग, ही दोन दिसली तर १४ दिवस सुद्धा मोजायचे नाहीत, त्याच दिवशी मुलांच्या मोठ्या डॉक्टरांकडे. बाळ अंगाने चांगलं दिसतं, हसतं, दूध पितं, तिथेच सगळे फसतात, आम्हीही फसलो.

बिलिअरी अॅट्रेसिया निघालं तर कसाई ऑपरेशन सांगतील. नाव ऐकून माझ्या सासऱ्यांनी हाय खाल्ली होती, "कसाई कशाला पाहिजे लेकराला." ते जपानी सर्जनचं आडनाव आहे हो, मोरिओ कसाई, १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत काढली, आतड्याचा तुकडा लिव्हरला जोडून पित्ताला वाट करून द्यायची. साठ दिवसांच्या आत झालं तर चालायची शक्यता जास्त. चाललं तर ट्रान्सप्लांट कित्येक वर्षं पुढे जातं, काहींचं टळतं सुद्धा. आमच्या मुलीचं ८२ व्या दिवशी झालं होतं, वर सांगलीच्या बाळाचं अडीच महिन्यांनंतर. ३३ म्हणजे अजून हातात दिवस आहेत.

आणि डॉक्टरांकडे जाताना लंगोट धुऊन टाकू नका. तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आणि दोन-तीन दिवसांच्या शीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरी शी पण पिवळी दिसते.